येनाच्या झाडांची राखण

पावसाचा जोर ओसरला की माझे वडील मासे खाणं सोडत. त्यावरून घरात सगळ्यांना कळे की कोशाचे दिवस आले. आम्ही जातीचे ढीवर, गावच्या तलावात आणि वैनगंगेत जाळं टाकणारी माणसं. भाताबरोबर मासा नसला तर आमच्याकडे त्याला कोणी जेवण म्हणत नसे. आणि हा माणूस चुलीवर झिंगे शिजत असताना अंगणात बसून मिठाशी कोरडा भात खाई. वर चेहरा असा करी की बिचारे आपणच उपाशी आहोत असं आम्हाला वाटावं. मला त्या चेहऱ्याचा राग येई.

कोसा म्हणजे जंगलातलं रेशीम. त्याच्या अळ्या ऐनाच्या झाडावर वाढतात. आमच्याकडे या झाडाला येन म्हणतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या येनाच्या कोवळ्या पानांवर सोडायच्या. एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. त्या आपल्याभोवती कोसा विणून आत बंद होईपर्यंत झाडाखाली बसायचं आणि पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून त्यांना राखायचं. हे काम ढीवरांकडे कसं आलं कोण जाणे, पण आलं ते नियमांसकट आलं. राखण करणाऱ्याने मासा-मटण खायचं नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, दाढी करायची नाही. जमिनीवर निजायचं, एक वेळ स्वतः शिजवून खायचं. खोटं बोलायचं नाही, शिवी द्यायची नाही. आणि त्या जागेत बाईची सावली पडू द्यायची नाही. हा शेवटचा नियम माय सांगे तेव्हा तिचा आवाज आपोआप बारीक होई.

मी सांगते आहे त्या वर्षी गावात सगळेच थकलेले होते. मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, गेली तेव्हा लोकांनी गुलाल उधळला होता. मग तलाव सरकारचा झाला, त्याचा लिलाव बाहेरगावच्या ठेकेदाराने घेतला, आणि आमच्याच तलावात जाळं टाकायला आम्ही त्याच्या माणसाला विचारू लागलो. जंगल सरकारचं झालं आणि येनाच्या झाडांखाली बसायलाही जंगलखात्याच्या शिपायाची परवानगी लागू लागली. वडशाच्या बाजारात गिरणीचं नकली रेशीम आलं आणि कोष्ट्यांचे माग एकेक करून गप्प झाले. वाईट एकदम आलं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. हे रोज थोडं थोडं येत होतं, आणि जो तो दुसऱ्याला सांगत होता की आता काही खरं नाही. विहिरीवर हेच, बाजारात हेच, मयतीला गेलं तरी हेच.

माझं स्वतःचंही काही खरं नव्हतं. मला अहेरीकडे दिलं होतं. नवरा लाकडाच्या डेपोत कामाला होता. त्याने दुसरी बाई आणून घरात ठेवली आणि मला म्हणाला, तूही राहा, नको कोण म्हणतं. मी माझी पेटी उचलली आणि माहेरी आले. आमच्यात अशा पोरीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून देतात आणि कोणी त्याचा फार बाऊ करत नाही. पण मला पुन्हा कुणाच्या चुलीपुढे बसायचं नव्हतं. काय करायचं होतं तेही ठाऊक नव्हतं. दिवसभर मी काम करी, कुणी दोन शब्द बोललं तर त्याला चार ऐकवी, आणि संध्याकाळी थकून पडे. माझा कशावर विश्वास उरला नव्हता आणि ज्यांचा उरला होता त्यांची मला चीड येई. बाबांची सगळ्यात जास्त.

माझा मोठा भाऊ चांद्याच्या बाजूला कोळशाच्या खदानीत लागला होता. अळ्या झाडावर सोडायच्या आधी तो एकदा घरी आला आणि पाय धुऊन होतात न होतात तोच त्याने विषय काढला.

"बाबा, सोडा आता हे. दोन सालापासून हातात काई येऊन राह्यलं का? चला माह्यासंग खदानीत."

"अन् बियाचं काय करू?" बाबांनी विचारलं.

बीज म्हणजे पुढच्या पिकासाठी राखून ठेवलेले जिवंत कोसे. त्यांतून पतंग बाहेर येतात, पतंग अंडी घालतात आणि सगळं पुन्हा सुरू होतं. आमच्या घरातलं बीज बाबांना त्यांच्या बापाकडून आलं होतं, त्याला त्याच्या बापाकडून. लागोपाठ दोन वर्षं रोगाने पीक गेलं होतं आणि आता उरली होती ती कोशांची एक आखूड माळ. या खेपेला अळ्या मेल्या असत्या तर घरातलं बीज संपलं असतं. गावात दुसऱ्याला द्यावं इतकं बीज कुणाकडेच नव्हतं. त्यानंतर उरत होती ती खदान.

"संपलं तं संपलं," भाऊ म्हणाला. "सगळ्याइचं संपून राह्यलं."

"संपलं तं संपलं," बाबा म्हणाले. "पन म्या नाई संपवनार."

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भावाच्या बाजूने होते.

अळी वाढताना अधूनमधून खाणं थांबवते, निपचित पडते आणि कात टाकते. आम्ही त्याला झोप म्हणतो. अळ्या तिसऱ्या झोपेतून उठल्या आणि बाबांना हिवतापाने धरलं. शेजारच्या जागेत बाबांचे एक दूरचे चुलतभाऊ राखण करीत. वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणत असू. त्यांनी बाबांना खांद्याचा आधार देत घरी आणलं, अंगणात बसवलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आजचा दिवस मी दोनी कडं पाहीन," ते मायला म्हणाले. "मंग मले जमनार नाई, बाई. माहे माहेच लय झाले."

पहिला ताप भरला तेव्हाच, बाबा अजून झाडाखालीच होते, चांद्याला जाणाऱ्या एकाबरोबर भावाला निरोप पाठवला होता. त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं: सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली तरी मी झाडाखाली बसायला येणार नाही, सोडून द्या.  ते ऐकून मायने तांदूळ निवडायला घेतले आणि निवडलेलेच पुन्हा निवडत बसली.

दुपारी मी बाबांना पेज द्यायला गेले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते.

"तू जाशीन का?" त्यांनी विचारलं.

मला आधी वाटलं तापात बोलताहेत. मग मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

"मी? माही सावली पडली तं मरतेत ना तुमचे किडे?"

किडे मी मुद्दाम म्हटलं. ते त्यांना लेकरं म्हणत. बाबांनी डोळे मिटले आणि मला वाटलं, चला, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप जरा उतरला तेव्हा ते भिंतीला टेकून बसले. मायला त्यांनी तांब्याभर पाणी, हळद आणि आपला दुपट्टा आणायला सांगितला. मला म्हणाले, तलावावर अंघोळ करून ये, केसांना तेल लावू नको. मी का गेले कोण जाणे, पण गेले. परत आले तर त्यांनी माझ्या पायांवर हळदीचं पाणी घातलं. बाप पोरीचे पाय धुतो तो लग्नात, एकदाच. माय तोंड फिरवून उभी राहिली. मग त्यांनी तो दुपट्टा माझ्या डोक्याला गुंडाळला. गाठ मारायला त्यांची बोटं चालेनात, म्हणून गाठ मीच मारली.

"तिथी बाई जात नाई," ते म्हणाले. "मानूस बी जात नाई. राखनदार जाते. हा दुपट्टा डोक्शावर हाय तवर तू राखनदार."

"हे कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. म्या ठरवलं. कालपासून त्याच इचारात होतो."

"देवाले इचारलं का?" मी टोमणा मारला.

"इचारलं. काई बोलला नाई." मग थोडं थांबून म्हणाले, "नाई बी नाई म्हनला."

मी एरवी हसले असते. नाही हसले, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो माणूस भ्यालेला होता. जन्मभर पाळलेला नियम त्याने स्वतःच्या हाताने उसवून नव्याने शिवला होता आणि ती शिवण टिकेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. नियमावर बोट ठेवून घरी पडून राहणं त्यांना सोपं होतं. सगळंच बुडतं आहे म्हणून सोडून देणं तर त्याहून सोपं होतं, आणि तसं केलं असतं तर गावात कोणी नावं ठेवली नसती. दोन्हीतलं काहीच न करता हा तापाने फणफणलेला म्हातारा माझे पाय धूत बसला होता.

मी गेले ती काही विश्वासाने गेले नाही. घरी चुलीपुढे बसून बायकांच्या चौकशा ऐकण्यापेक्षा जंगल बरं, एवढाच माझा हिशेब होता.

आमची जागा गावापासून लांब, बांबूच्या पलीकडच्या उतारावर होती. दुपारी वारा पडला की शेकडो तोंडांनी पानं कुरतडल्याचा आवाज येई. पहिल्या दिवशी मला त्याची शिसारी आली. मोठेबाबांनी मला दुपट्ट्यासकट पाहिलं, पाठ फिरवली आणि दोन जागांच्या मध्ये बोरीच्या काट्यांची फांदी आणून टाकली. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. बुंध्याभोवती राख घालायची, मुंग्यांची रांग मोडायची, पाला बघायचा, फांद्या तोडून अळ्या हलवायच्या, एक वेळ भात शिजवायचा आणि दिवसभर कावळ्यांवर ओरडायचं, एवढं माझं काम होतं.

ओरडण्यावरून घोळ झाला. कावळ्यांना हाकलायला प्रत्येक राखणदाराचा स्वतःचा हाकारा असतो, आपणच जुळवलेला. बाबांचा हाकारा खर्जातला. माझ्या गळ्यातून तो निघाला की कावळे मान वाकडी करून बघत आणि खुशाल खात. मला शिव्या येत होत्या, डेपोच्या वस्तीत राहून चांगल्या सणसणीत शिकले होते, पण तिथे शिवी चालत नव्हती. दोन दिवस मी नुसती टाळ्या वाजवत पळत होते. मग जात्यावरच्या गाण्याची चाल घेतली आणि तोंडाला येईल ते त्यात बसवलं:

"कावळ्या रे कावळ्या, तुह्या मायच्या घरी जाय,
माह्या येनाच्या झाडावर तुह्या बापाचं काय?"

चाल वरच्या पट्टीत जाते, त्यामुळे आवाज लांबवर पोचला. कावळे उडाले. मला इतका आनंद झाला की मी ते दिवसभर म्हणत बसले. नवऱ्यावर, डेपोवर, तलावाच्या ठेकेदारावर, सगळ्यांवर मी कडवी केली आणि सगळी कावळ्याच्या नावावर खपवली. संध्याकाळी गावाकडच्या वाटेवर माय भेटे, तिच्याकडून बाबांची खबर कळे आणि बाबांना माझी. तिने त्यांना ते गाणं म्हणून दाखवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी निरोप आला: गाणं चांगलं आहे, पण कावळ्याचा बाप काढू नको, तोही उपाशीच आहे. मला राग आला. मग मी बाप काढून टाकला आणि त्या जागी "तुले सापडन काय" घातलं. चालीत ते अडखळत होतं. तसंच म्हटलं.

मला तिथे शांत वाटलं, देव भेटला, असलं काही सांगायचं नाही. माझ्या अंगाला घामाचा वास येत होता, केसांच्या जटा होत होत्या आणि माशाच्या कालवणाची इतकी आठवण येई की डोळ्यांत पाणी यायचं. फक्त एवढं झालं की कडवी जुळवता जुळवता मी काही वेळ माझ्या नशिबाबद्दल विचार करायची विसरत असे.

अळ्या शेवटच्या झोपेतून उठल्या. या वेळी त्या बोटाएवढ्या जाड असतात आणि सकाळी हिरवं असलेलं झाड संध्याकाळपर्यंत खराटा होतं. सगळा पाला संपत आला होता, त्याच दिवशी सगळ्या अळ्या वरच्या झाडांवर न्यायच्या होत्या. आणि नेमकी त्या सकाळी मी बाहेरची झाले.

मी जागेच्या हद्दीबाहेर आले, दुपट्टा सोडला आणि घरी गेले. लपवता आलं असतं. तिथे मला बघायला कोण होतं? पण त्या माणसाने माझे पाय धुतले होते. मी अंगणातूनच बाबांना सांगितलं. असल्या गोष्टी बापाला सांगतात का म्हणून माय माझ्या अंगावर आली.

बाबा पुन्हा तापात होते. "पाला किती हाय?" त्यांनी विचारलं.

"दुपारपर्यंत."

 त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. दुपट्ट्यापुरती वाट त्यांनी शोधली होती, पण ही भिंत फार जुनी होती.

"लेकरं उपाशी मारून कोन्ता देव खूश होते?" शेवटी ते म्हणाले. "जाय तू. बाकीचं म्या पाहतो."

"काय पाहता?"

"तुह्या हातून नियम मोडला, तं त्याचं माह्यावर येऊ दे. तू वापस येतवर म्या पानी घेत नाई."

माय ओरडली. तापात पाणी सोडतो म्हणजे काय, जीव द्यायचा आहे का, पोरीला काही कळत नाही तसं तुम्हालाही कळत नाही का. तिने तांब्या त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो हाताने बाजूला केला आणि मला म्हणाले, "मंग लवकर ये."

मी अक्षरशः पळत गेले. त्या दिवशी मी फांद्या तोडत होते, खांद्यावर घेऊन चढत होते, येनाला बांधत होते आणि रडत होते. आणि मला भयंकर राग आला होता. हा माणूस मला माझ्या मनासारखं निराशही होऊ देत नव्हता. मला म्हणायचं होतं की काही खरं नाही, कशाला काही अर्थ नाही, आणि तिकडे तो माझ्यासाठी कोरड्या तोंडाने पडला होता. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते. "झालं," मी म्हटलं. माय तांब्या घेऊन उभीच होती.

काही दिवसांनी रोग आला.

त्याच्याबद्दल मला थोडक्यात सांगू द्या. अळी खायची थांबते, अंग सैल पडतं, मग ती मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लोंबते, काळी पडते आणि फुटते. वास येतो. एका झाडावर दिसली म्हणेपर्यंत तिसऱ्यावर दिसते. मी मेलेल्या पानात धरून काढी, लांब खड्डा करून पुरी आणि परत येऊन बघे तर तेवढ्याच पुन्हा लोंबत असत. मोठेबाबांच्या जागेतही रोग पोचला, पण कमी. ते काट्यांच्या फांदीपाशी आले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"तुह्याकडूनच आला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेही थकले होते.

त्याच सुमारास भाऊ आला. बाबांचा ताप हटत नाही हे कळल्यावर तो धावत आला होता, ते मी सांगायला हवं. तो मनाने वाईट नव्हता. त्याने दुरून, हद्दीबाहेरून झाडं पाहिली आणि डोक्याला हात लावला. मग तो मला घेऊन घरी आला आणि बाबांपाशी बसून म्हणाला, "आता तरी समजा. सगळं बदलून राह्यलं, बाबा. राज्य बी बदललं. आपून आता मुंबई राज्यात."

"मुंबई इकडं आली का आपून तिकडं गेलो?" बाबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तसं नाई. कागदावर."

"मंग येनाचे झाडं कुठी गेले?"

"झाडं कुठी जातीन? इथीच हायेत."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले. भाऊ माझ्याकडे बघून हताश हसला, आणि मीही हसले. खूप दिवसांनी आम्ही दोघं एकत्र हसलो.

मी परत निघाले तेव्हा जंगलाच्या वाटेपर्यंत तो माझ्याबरोबर आला. म्हणाला, "तुले तं कळते. काऊन स्वतःले जाळून राह्यली? चल चांद्याले. तिथी लहान पोराइले सांभाळाचं काम भेटन." तो मनापासून म्हणत होता, आणि मी जवळजवळ हो म्हटलं. मी त्याला म्हटलं, दुपट्टा आणि विळा तिथे आहे, घेऊन येते.

मी तेवढ्यासाठीच गेले होते. विळा येनाच्या खोडात अडकवलेला होता. तो काढताना समोरच्या फांदीवर मला एक अळी दिसली. तिने डहाळीभोवती धाग्याची कडी केली होती, दोन पानं ओढून जवळ घेतली होती आणि ती विणत होती. तिच्या वर आणि खाली मेलेल्या लोंबत होत्या. त्यातल्या एकीचं काळं पाणी तिच्या पानावर ओघळलं होतं. ही आपलं डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे नेत होती. जाळी अजून पातळ होती, त्यामुळे आतली हालचाल दिसत होती.

मला तिचं कौतुक वाटलं नाही. मला तिची चीड आली. इतक्या घाणीत, इतक्या मरणात, हिला विणायचं सुचतं कसं? निर्लज्ज कुठली. मी तिच्यापुढे उभी राहून खरंच असं मोठ्याने म्हटलं. ती विणत राहिली. मग मी शेजारच्या फांद्या बघितल्या. आणखी दोन-तीन विणायला लागल्या होत्या. आणि वरच्या झाडावर, तिथे पाला चांगला होता, बऱ्याचशा अजून खात होत्या. त्या झाडावर एक कावळा येऊन बसला.

आता माझं वय झालं आहे. पुढे मी शिकले, शाळेत शिकवलं, आयुष्य त्यातच गेलं. हल्ली शेजारपाजारचे, माझेच जुने विद्यार्थी, येऊन बसतात आणि म्हणतात, बाई, आता काही खरं नाही. मी वाद घालत नाही. बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं बरोबरच असतं. त्या दिवशी भावाचंही बरोबर होतं. मला एकदम काही उमगलं आणि मी बदलले असंही नाही. कावळा बसला होता आणि त्याला हाकलायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी दुपट्टा डोक्याला बांधला आणि ओरडले. ओरडण्यात ते अडखळणारं कडवं आपसूक नीट जुळलं, आणि मला त्याचं बरं वाटलं, त्याही स्थितीत. वाटेवर भाऊ वाट बघून निघून गेला असेल. मी ते संध्याकाळपर्यंत विसरले होते.

मी उरलेल्या अळ्यांसाठी राहिले. शेवटची अळी कोशात बंद होईपर्यंत राहिले. कोसे उतरवले तेव्हा टोपली अर्धीही भरली नाही. पहिला कोसा झाडाच्या मुळाशी ठेवून त्याच्यापुढे गुळाचा खडा ठेवतात, तो मी ठेवला, पण हात जोडताना काय म्हणायचं ते सुचलं नाही.

घरी आले. बाबांचा ताप गेला होता, पण अंगात काही राहिलं नव्हतं. पाठ टेकूनच पडले होते. मी टोपली त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी आत पाहिलं. गावात एव्हाना सगळीकडे पसरलं होतं की ढीवराच्या पोरीने जागा बाटवली आणि अळ्या गेल्या. बायका मला बघून विहिरीवर गप्प होत. ते मला सहन होत होतं. पण एक गोष्ट मी मनात घेऊन हिंडत होते आणि ती आता मला पुढे नेववत नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "माह्यामुळं मेल्या का?"

माय चुलीपाशी होती, तिचा हात थांबला.

बाप आहे, नाही म्हणेल, असं मला वाटलं होतं. मला तेच ऐकायचं होतं. आणि तो तसं म्हणाला तर आपला त्यावर विश्वास बसणार नाही हेही मला माहीत होतं. बाबा छताकडे बघत राहिले.  ते खरंच विचार करत होते.

"मले नाई माहीत," ते म्हणाले.

मग त्यांनी हात लांब करून टोपली माझ्याकडे सरकवली.

"बीज काढ."

बीज निवडायचं काम राखण करणाऱ्याचं. आमच्या घरात ते बाबांशिवाय कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. कोसा कानाशी धरून हलवायचा. आतला जीव जिवंत असेल तर दबका, जड ठोका लागतो. मेला असेल तर सुकी बी हलावी तसा वाजतो. चुकीचा निवडला तर वर्षभर मेलेलं राखत बसावं लागतं, आणि जिवंत टाकला तर तो गेलाच.

"मी काढू?" मी विचारलं.

"मंग कोन काढन?" ते म्हणाले. "पुढच्या साली बी तुलेच जा लागन. माह्यानं आता होत नाई."

मी खाली बसले आणि एकेक कोसा कानाशी धरू लागले. माय चुलीतला जाळ बारीक करून बसून राहिली, आवाज होऊ नये म्हणून. काही कोसे मी दोनदा ऐकले, काही परत परत.  जिवंत वाटले ते ओंजळीत घेऊन मी बाबांपुढे धरले. त्यांनी त्यातला एकही उचलून कानाशी नेला नाही. "बरोबर असन," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपी गेले.